दोन सेकंदांची मुदत

मंगळवारी सकाळी अकराला ते पत्र तिच्या नावावर पडलं, तेव्हा ती टेबलाखाली मोबाइल धरून सासूबाईंनी पाठवलेला फोटो बघत होती. ठकीने वाटी संपवली होती. म्हणजे वाटी रिकामी होती एवढं खरं. आतलं पोटात गेलं की फरशीवर, ते फोटोत दिसत नव्हतं.

ठकी आठ महिन्यांची. बाळंतपणाच्या रजेवरून ती कामावर परतली त्याला सात आठवडे झाले होते, आणि तेवढ्या दिवसांत तिने एकही फोटो नुसता पाहिला नव्हता. दोन बोटांनी मोठा करून तपासायची. गळ्यापाशी दोरी नाही ना, मुठीत बटण नाही ना, ओठ निळसर नाहीत ना. नवरा म्हणायचा, "तू आई आहेस की जकातनाक्यावरचा शिपाई?" अलीकडे त्यानेही म्हणणं सोडलं होतं. त्याची नोकरी सुटून चार महिने झाले होते, आणि मुलाखती देऊन आलेल्या माणसाला थट्टा सुचत नाही.

पत्र लहान मुलांच्या एका रुग्णालयाचं होतं. मागच्या सोमवारी त्यांच्या तंत्रज्ञाने भांडाराची, म्हणजे जुन्या तपासण्या साठवायची, डिस्क निष्काळजीपणे भलत्या यंत्रात लावली आणि सात महिन्यांच्या हृदय-तपासण्या वाचता येईनाशा झाल्या. तंत्रज्ञाने चूक लेखी कबूल केली आहे. तरी आपल्या यंत्रणेत दोष नव्हता एवढं दोन ओळींत कळवावं, म्हणजे पुढची कारवाई करता येईल. सोबत यंत्रातल्या नोंदी जोडल्या होत्या.

तिचा वरिष्ठ मागे येऊन उभा राहिला. सगळे त्याला पाठीमागे हेडमास्तर म्हणायचे, कारण तो साधं "चहा घेणार का" हेही प्रश्न-उत्तर-तात्पर्य अशा क्रमाने विचारायचा.

"त्यांचा माणूस कबूल झालाय," तो म्हणाला. "आपल्याला नुसतं मम म्हणायचंय. गुरुवारपर्यंत खरडून टाक."

"नोंदी बघते आधी, सर."

"बघ की. पण पोस्टमॉर्टेम नको करूस. माणूस स्वतःच मेलो म्हणतोय."

तिचं काम असं, की पाहुण्यांना सांगायला घेतलं तर ते चपला शोधू लागतात. सोपं करून ती म्हणायची, संगणकाच्या गाभ्यात कर्नल नावाचा जो कार्यक्रम असतो, ती घरातली कर्ती बाई समजा. डिस्क काढली की तिच्याकडे निरोप येतो, 'गेली'. लावली की निरोप येतो, 'आली'. 'गेली' ऐकलं की त्या डिस्कबद्दल डोक्यात धरलेलं सगळं पुसून टाकायचं: कोणती फाइल कुठे आहे, कुठली जागा रिकामी आहे. 'आली' ऐकलं की नव्याने नावगाव विचारायचं आणि मगच आत घ्यायचं. निरोपांची ही चौकी तिच्याकडे होती.

गेल्या वर्षी, तिला नववा लागला होता तेव्हा, एका कापडगिरणीतून ओरड आली. मागांच्या धडधडीने डिस्कची खोबणीतली पकड क्षणभर सुटायची आणि परत बसायची. गेली, आली, गेली, आली. दिवसातून चारशे वेळा. कर्नल बिचारी दर खेपेला सगळं विसरायची, पहिल्यापासून ओळख करून घ्यायची, आणि तोवर गिरणी खोळंबायची. तिने तोडगा काढला. एकाच खोबणीतून 'गेली' आणि 'आली' हे निरोप दोन सेकंदांच्या आत आले, तर दोन्ही कानाआड करायचे. डिस्क तीच आहे, जरा हलली, असं धरून चालायचं आणि डोक्यातलं काही पुसायचं नाही.

दोनच सेकंद का, तर तिने स्वतः मोजलं होतं. चाचणीच्या खोलीत, पोट सांभाळत स्टुलावर बसून, तिने अकरा वेळा एक डिस्क काढून त्याच जागी दुसरी लावली. सगळ्यात कमी वेळ लागला तो चार पूर्णांक तीन सेकंद. दोन सेकंदांत डिस्क बदलणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. तरी वहीत तिने टिपून ठेवलं, 'डिस्कचा क्रमांकही ताडून पाहणे.' प्रत्येक डिस्कला कारखान्यातूनच क्रमांक मिळालेला असतो. तो विचारला की तीच की दुसरी, ते लगेच कळतं. आठ ओळींचं काम. सोमवारी करू म्हणाली. ठकी शनिवारी आली, तीन आठवडे आधी.

ती दुरुस्ती मात्र थांबली नाही. मंजूर झाली, पुढे गेली, मोठ्या प्रणालीतून उतरत उतरत रुग्णालयाच्या यंत्रापर्यंत पोचली ती याच महिन्यात. तिने नोंदींमध्ये सोमवार शोधला. दहा वाजून चौदा मिनिटं, सात पूर्णांक दोन सेकंद: गेली. आठ पूर्णांक नऊ: आली. त्याखाली तिनेच कधीकाळी लिहिलेलं वाक्य यंत्राने इमानेइतबारे छापलं होतं. 'क्षणिक हालचाल. दुर्लक्ष केले.'

एक पूर्णांक सात.

ती पाणी प्यायली. कोणीतरी एक डिस्क काढून दुसरी लावली होती, आणि कर्नलला ते कळलंच नव्हतं. जुन्या डिस्कची अनुक्रमणिका डोक्यात धरून ती नव्या डिस्कवर लिहीत सुटली होती. एका वहीची अनुक्रमणिका दुसऱ्या वहीच्या पहिल्या पानांवर डकवत जावी, तशी. आणि खाली काय आहे ते न बघता.

दुपारी तिने रुग्णालयात फोन लावला. नुसती माहिती विचारायची, असं स्वतःला बजावून.

"कंपनीतून का? बोला मॅडम," पलीकडचा आवाज म्हातारा आणि जरा हसरा होता. "परत जबानी द्यायची आहे का? आता तोंडपाठ झाली."

"नाही काका. डिस्क कशी बदललीत, एवढंच विचारायचं होतं."

"कशी म्हणजे? हाताने."

तिला नको तेव्हा हसू आलं. "तसं नाही. पहिल्यापासून सांगा ना."

"दर सोमवारी आठवड्याची डिस्क काढायची, त्याच खोबणीत भांडाराची लावायची. एकोणीस वर्षं तेच करतोय. डाव्या हातात नवी धरून ठेवायची. उजव्या अंगठ्याने खटका दाबला की जुनी बाहेर येते, ती तळव्यात झेलायची, त्याच झोक्यात डावा हात आत. खटखट. नर्सबाया मला भिंगरी म्हणतात." तो थांबला. "म्हणायच्या."

"पण एवढी घाई कशासाठी?"

"घाई नाही हो. आधीचं यंत्र होतं ना, त्याला खोबण रिकामी दिसली की ते किंचाळायचं. शेजारच्या खोलीत बाळं गुंगीचं औषध देऊन निजवलेली. एक दचकलं की सगळी रडतात, तपासणी वाया. म्हणून यंत्राने तोंड उघडायच्या आत लावायची. यंत्र बदललं, हात तसेच राहिले."

तिने पेन खाली ठेवलं. "मग चूक कबूल कशी केलीत?"

"मी आधी म्हटलंच, बरोबर लावली म्हणून. पण साहेब म्हणाले, यंत्राच्या नोंदीत डिस्क बदललेली दिसत नाही, आणि यंत्र खोटं बोलत नाही. चार जण चार दिवस तेच तेच विचारतात तेव्हा आपलं आपल्यालाच वाटायला लागतं, मॅडम. बहुतेक मी ती आधी दुसऱ्या यंत्रात घातली असणार. आठवत नाही. पण असणार. वय झालं. दिलं लिहून." मग जरा हळू, "तुमच्या नोंदीत काही सापडलं का?"

हेडमास्तर समोरून जात होता. त्याने अंगठा उंचावून 'झालं का' असं विचारलं.

"बघतेय अजून," ती फोनमध्ये म्हणाली, आणि ठेवला.

संध्याकाळी ठकीने तिच्या खांद्यावर गाल टेकला. तिच्या अंगाला दुधाचा आणि साबणाचा वास होता. सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. नवरा आतल्या खोलीत कोणाशी तरी फोनवर फार नम्रपणे बोलत होता.

"आई, समजा माझ्या हातून काही चुकलं आणि ते भलत्याच माणसावर गेलं, तर?"

"केवढं चुकलं?"

"मोठं."

"कोणी मेलं?"

"नाही."

"मग आधी जेवून घे." सासूबाईंनी घडी गुडघ्यावर आपटून बसवली. "तुझ्या कायम होण्याच्या कागदावर कधी सही होणार?"

"महिनाअखेर. रजेमुळे पुढे गेली ना ती."

"झालं तर. आपण होऊन सुळावर चढणाऱ्याला लोक शहाणा म्हणत नाहीत गं. तो माणूस तुझ्या नात्याचा?"

"नाही."

"आणि ही?" त्यांनी हनुवटीने ठकी दाखवली, आणि आतल्या खोलीकडे बघत आवाज उतरवला. "तिकडे तो कसा बोलतोय ऐकतेस ना? इतकं 'हो सर, हो सर' तो सख्ख्या बापाला कधी म्हणाला नाही."

सासूबाई वाईट नव्हत्या. त्या हिशेबाने बोलत होत्या, आणि हिशेब बरोबर होता. त्यामुळेच तो तिला रात्रभर टोचला.

गुरुवारी तिने उत्तर लिहिलं. 'उपलब्ध नोंदींनुसार यंत्रणेने ठरवून दिलेल्या नियमांप्रमाणेच काम केले आहे.' यात एक अक्षर खोटं नव्हतं. इतकं खरं लिहायला बरीच शिकलेली बाई लागते.

"वा!" हेडमास्तर म्हणाला. "वकिलाने तोंडात बोट घालावं असं उतरलंय." आणि पत्र गेलं.

त्याच आठवड्यात तिने त्या आठ ओळी लिहिल्या. डिस्कचा क्रमांक विचारायचा, वेगळा निघाला तर सगळं पुसायचं. चाचण्या केल्या. बदलाच्या वर्णनात लिहिलं, 'किरकोळ सुधारणा'. हेडमास्तरने न विचारता मंजूर केली. आता पुढे असं कोणाचं होणार नाही, असं ती बसमध्ये स्वतःला सांगायची. मग शेजारच्या सीटवर कोणी म्हातारा बसला, की खिडकीकडे तोंड करायची.

बाराव्या दिवशी रुग्णालयाचं दुसरं पत्र आलं. खराब डिस्कमधून माहिती काढून देणाऱ्यांनी बरंच काम केलं होतं. चारशे बारा चित्रफिती सापडल्या होत्या. फक्त कोणती कोणाची, ते सांगता येत नव्हतं. नावं अनुक्रमणिकेत होती आणि अनुक्रमणिका उरली नव्हती. तपासण्यांची दुसरी प्रत ठेवण्याचा प्रस्ताव रुग्णालयातच वर्षभर कुठल्याशा टेबलावर पडून होता. काही जुळवून देता येईल का, अशी विनंती होती. नमुन्यादाखल एक चित्रफीत जोडली होती.

तिने ती उघडली. काळ्या पंख्यासारख्या आकारात करडं काहीतरी हलत होतं. मग नजर सरावली. चार कप्पे, मधली पातळ झडप, उघडतेय, मिटतेय, उघडतेय. एवढंसं हृदय. कोपऱ्यात नावाच्या जागी रिकामी चौकट. ते आपलं धडधडत होतं, कोणाचं आहे ते न सांगता. अकरा सेकंदांनी फीत संपली आणि आपोआप पुन्हा सुरू झाली. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं की जुनी तपासणी ताडून बघता येत नसल्याने मुलांना पुन्हा बोलवावं लागत आहे. पुन्हा उपाशी ठेवून, पुन्हा गुंगीचं औषध देऊन.

ती उठून हेडमास्तरच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

सांगायला तीन मिनिटं लागली. ऐकताना त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"आधीचं पत्र कोणी लिहिलं?" त्याने विचारलं.

"मी."

"आणि दोन सेकंदांना मंजुरी कोणी दिली होती?"

"तुम्ही."

"म्हणजे बुडालो तर दोघं." त्याने डोळे चोळले. "मुलांची नावं परत येणार आहेत का त्याने?"

"नाही."

"मग तात्पर्य काय?"

"तो माणूस, सर."

"हे बघ, तुला नीट झोप नाही, घरी लहान मूल आहे. या दिवसांत बायकांना सगळ्याचाच दोष आपल्याकडे आहे असं वाटतं. माझ्या बायकोचंही तसंच झालं होतं. आठवडाभर थांब."

"बारा दिवस थांबलेच आहे मी," ती म्हणाली.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून, दोन बस बदलून ती रुग्णालयात गेली. पर्समध्ये पत्र होतं. यात वळणं नव्हती: चूक माझ्या दुरुस्तीतली आहे, तंत्रज्ञाने डिस्क बरोबर लावली होती, मागचं पत्र दिशाभूल करणारं होतं. खाली सही.

भिंगरीकाका यंत्रांच्या खोलीत नव्हते. तळघरात, धुलाईच्या खोलीला लागून, जुने कागद आणि मोडकी यंत्रं ठेवतात तिथे त्यांना बसवलं होतं. लहानसा, काटक माणूस. पायात पांढरे बूट, स्वच्छ. कामाला काही नव्हतं, तरी बाह्या दुमडलेल्या.

तिने उभ्याउभ्याच सांगितलं. बसले तर बोलणं होणार नाही, अशी तिला भीती होती.

"म्हणजे मी बरोबर लावली होती?" त्यांनी विचारलं.

"अगदी बरोबर."

"त्याच यंत्रात?"

"त्याच खोबणीत. एक पूर्णांक सात सेकंदांत. दोन सेकंदांत कोणाला जमणार नाही असं मी धरलं होतं. तुम्हाला जमलं, म्हणून हे झालं."

क्षणभर त्यांचा चेहरा उजळला. एखाद्या परीक्षेत पहिला आलेल्या पोरासारखा. मग ते उठले, कोपऱ्यातली एक मोडकी पेटी ओढून टेबलावर ठेवली, ढिगातून दोन निकामी डिस्क उचलल्या. "मोजा बघू," म्हणाले.

तिने मोबाइलवर वेळ लावली. डावा हात तयार. उजवा अंगठा खटक्यावर. जुनी बाहेर आली, तळव्यात नीट बसली नाही, दुसरी खोबणीच्या काठाला अडली.

"पाच पूर्णांक दोन."

"थांबा. ही पेटी गंजलीय." परत. या वेळी डिस्क निसटून फरशीवर पडली. धुलाईच्या खोलीतून कोणीतरी डोकावून गेलं. तिसऱ्यांदा त्यांनी ओठ चावला, डोळे बारीक केले. दोन्ही हात, मनगटापासून, बारीक थरथरत होते.

"चार पूर्णांक एक," ती म्हणाली. खोटं सांगायला हवं होतं, हे तिला म्हटल्यावर कळलं.

"बघा," ते खाली बसले. "चारच. तुमचा अंदाज बरोबर होता."

"काका, नोंद आहे ना. मी दाखवते."

"आणि यंत्र खोटं बोलत नाही. मग हे मोबाइलचं यंत्र तरी कशाला बोलेल?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, तेच वाईट होतं. "तुम्ही चांगल्या घरच्या दिसता. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून एवढ्या लांब आलात. परवा चहाचा कप हातातून गेला माझ्या. जिन्यात कठडा धरून चालतो. लेक म्हणते, बाबा, डॉक्टरांना दाखवा."

"हे तुम्हाला चार दिवस छळल्यामुळे झालंय. तेव्हा तुमचे हात असे नव्हते."

"तेव्हाचं कोणाला आठवतंय? मलाच नाही आठवत." त्यांनी पडलेली डिस्क उचलून बाहीने पुसली. "पत्र द्यायचं तर द्या वर. पण मला परत त्या खोलीत पाठवा असं काही लिहू नका. शेजारी बाळं असतात."

तिला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि ते केलं तर आपण किती स्वस्तात सुटू हेही दिसलं. ती वर गेली.

प्रशासकांच्या खोलीबाहेर लांब बाक होता. तपासणीची रांगही त्याच बाकावर बसवलेली. बायका, मांडीवर पोरं. पोरं किरकिरत होती, भुकेली. शिपायाने तिचं पत्र न उघडता आत नेलं आणि थांबायला सांगितलं. शेजारच्या बाईच्या खांद्यावर दीडेक वर्षांची मुलगी होती. बाटली मिळावी म्हणून आईच्या पिशवीत सारखा हात घालत होती.

"सकाळी सहापासून काही दिलं नाही हिला," ती बाई आपणहून म्हणाली. "दुसऱ्यांदा. आधीची तपासणी हरवली म्हणे. कोण एक म्हातारा आहे इथे, त्याने घोळ घातला. हात झडोत मेल्याचे."

"त्यांनी नाही घातला."

"मग कोणी?"

गप्प बसायला जागा होती. बाक लांब होता, गोंगाट होता, पत्र आत गेलेलं होतं.

"मी," ती म्हणाली. "यंत्राच्या आत जे लिहावं लागतं, ते मी लिहिलं होतं. त्यात एक तपासायचं राहिलं. आणि ते कळल्यावर मी बारा दिवस बोलले नाही."

बाईला आधी समजलं नाही. थट्टा आहे का, असं तिने पाहिलं. मग समजलं. तिने मुलीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, पलीकडच्या.

"तुम्हाला मूलबाळ आहे?"

"आहे. मुलगी. आठ महिन्यांची."

"तरी?"

मुलीने आईच्या खांद्यावरून तिच्याकडे बघितलं आणि भुकेने, कोणाकडेही बघून रडावं तशी, रडायला लागली.

दार उघडलं. शिपायाच्या हातात तिचं पत्र होतं, उघडलेलं. "कंपनीच्या बाई कोण?" त्याने मोठ्याने विचारलं.

बाकावरच्या सगळ्या आयांनी माना वळवल्या. ती उठली.